कॅमेरा दिलात, आता कात्रीही द्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पर्वतीच्या जनता वसाहतीत १२ जणींचा गट आहे. काही कचरावेचक, काही धुणंभांडी आणि स्वयंपाकाची कामं करणाऱ्या. त्यांना स्वतःच्या आयुष्यावर फिल्म करायची आहे. देणगीतून एक मोठा कॅमेरा मिळालाय, हाताशी दोन महिने आहेत, निम्म्या जणींना लिहिता-वाचता येत नाही. सुरुवात कुठून करायची, आणि एडिटिंग बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर चालेल का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, चालणार नाही. अशी बहुतेक प्रशिक्षणं नेमकी इथेच फसतात. बाई चार दिवस शूट करते, मग ते सगळं फुटेज एका हार्ड डिस्कमध्ये भरून कुणाच्या तरी स्टुडिओत जातं. तिथे ती बोलताना थांबली होती ते थांबणं कापलं जातं, डोळ्यांत पाणी आलं तो क्षण राहतो, खाली बासरी लावली जाते. ती हिशोब सांगत होती, किती किलो प्लास्टिक, काय भाव, भंगारवाल्याने किती कापले, ते "कंटाळवाणं" म्हणून जातं. फिल्म संपते तेव्हा ती कथा दुसऱ्याची झालेली असते, फक्त चेहरा तिचा. काय ठेवायचं, काय काढायचं, कुठे थांबायचं हे ठरवणं म्हणजेच गोष्ट सांगणं. शूटिंग हा त्याचा कच्चा माल.

हे काही नवीन नाही. १९६७ साली कॅनडातल्या फोगो बेटावर मच्छीमारांबरोबर जे फिल्मचं काम झालं, त्यात बाहेर काही दाखवण्याआधी लोकांनी स्वतःचं चित्रण पाहायचं आणि नको ते काढायला सांगायचं, अशी पद्धत होती. अहमदाबादेत असंघटित कामगार बायकांच्या 'सेवा' या संघटनेने १९८४ मध्ये व्हिडिओचं युनिट उभं केलं, तेव्हा त्यातल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, तरी त्या कॅमेरा चालवायला शिकल्या. तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूर भागात दलित शेतकरी बाया वर्षानुवर्षं स्वतःच्या शेतीवर फिल्म करत आल्या आहेत. आणि पुण्याबद्दल बोलायचं तर, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर लिहिलं ते स्वतःच्या तोंडच्या शब्दांत. तिला अक्षरं मिळाली होती. काय लिहायचं ते तिचं होतं.

आता वेळापत्रक. दोन महिने कमी पडतील. बारा आठवडे, आठवड्याला दोन बैठका, प्रत्येक अडीच तासांची, म्हणजे २४ बैठका धरा. त्यातल्या सहा कॅमेरा आणि आवाजाला, चार गोष्ट शोधायला, चार शूटिंगला, आठ एडिटिंगला आणि दोन दाखवण्याला. एडिटिंगच्या आठ पाहून देणगीदार भुवया उंचावतील. त्यातली एकही कमी करू नका.

वेळ दुपारी २ ते ४.३०. कचरावेचक बाई पहाटे निघते आणि दारोदारचं गोळा करून, वर्गीकरण उरकून दुपारी मोकळी होते. घरकाम करणारीची संध्याकाळची कामं पाचच्या सुमाराला सुरू होतात. दोघींना जमेल अशी हीच खिडकी. गुरुवारी बैठक ठेवू नका. पुण्यात पाण्याच्या दुरुस्तीसाठी नळ बंद असतो तो बहुधा गुरुवारी, विजेची देखभालही त्याच दिवशी निघते, आणि शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं. नळाची वेळ चुकवून कुणी येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही धरू नये. सोमवार-बुधवार किंवा मंगळवार-शनिवार बरे पडतात. वर्षातला काळ विचाराल तर दिवाळी संपली की सुरू करून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात पत्र्यावर पडणाऱ्या पावसाने एकही संवाद नीट रेकॉर्ड होत नाही, गणपतीत स्पीकर असतात, मे महिन्यात निम्म्या जणी गावी.

बुडालेल्या कामाचे पैसे द्या. उपकार म्हणून नाही, मजुरी म्हणून. त्या दिवशी त्या वेळात ती जेवढं कमावते तेवढे. बसभाडं वेगळं. शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला कुणीतरी हवंच. हे तीन खर्च अंदाजपत्रकात नसतील तर चौथ्या आठवड्यापर्यंत बारातल्या सात उरतील, आणि गळतील त्या नेमक्या सगळ्यात अडचणीतल्या.

तो मोठा कॅमेरा कपाटात राहू द्या. एक कॅमेरा आणि १२ जणी म्हणजे एक शिकते आणि अकरा बघतात, आणि शिकते ती बहुधा दहावी झालेली. त्याऐवजी तिघींचा एक असे चार गट करा आणि गटाला एक साधा अँड्रॉइड फोन द्या. तीन कामं फिरती: एक कॅमेरा धरते, एक आवाज सांभाळते, एक समोर असते किंवा प्रश्न विचारते. दर बैठकीला काम बदलायचं, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात एकजण कायमची "कॅमेरावाली" होऊन बसते. बायकांचे स्वतःचे फोन वापरू नका. त्यात जागा नसते, आणि अनेकींचा फोन घरात नवरा किंवा मुलगा तपासतो. रेकॉर्ड केलेली एक क्लिप चुकीच्या डोळ्यांसमोर गेली तर मार तिला खावा लागतो.

प्रत्येक गटासाठी सामान एवढंच: फोन, ३२ जीबीची दोन मेमरी कार्डं, फोन बसेल असा ट्रायपॉड, वायरचा कॉलर माइक, वायरचे हेडफोन, १०,००० एमएएचची पॉवर बँक. सगळ्यांत मिळून एक लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क.

फोन हातात देण्याआधी चार गोष्टी स्वतः बघा. पहिली, ब्युटी मोड बंद. अनेक फोनमध्ये तो मुळातच चालू असतो आणि चेहरा गुळगुळीत, गोरा करतो. उन्हात राबणाऱ्या बाईला तिच्याच फिल्ममध्ये तिचा रंग पुसून दाखवणं यासारखं वाईट काही नाही. दुसरी, लोकेशन टॅग बंद, म्हणजे घराचा पत्ता फाइलमध्ये जात नाही. तिसरी, १०८० पिक्सेल, मिळत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम, आणि शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर याच्याशी जुळलं नाही तर चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात. फोनच्या कॅमेऱ्यात हे बदलता येत नसेल तर ओपन कॅमेरा हे फुकटचं ॲप टाका. चौथी, फोनची भाषा मराठी करा.

उजेडाचं एकच सांगण्यासारखं. दहा बाय दहाच्या खोलीत उजेड दारातूनच येतो. बोलणारीला दाराकडे तोंड करून बसवा, कॅमेरा दाराच्या बाजूला. ती दाराकडे पाठ करून बसली की चेहरा काळा पडतो. बऱ्याच फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो, ही सवय पहिल्याच दिवशी लावायची.

आवाज मात्र नीट शिकवा. हलतं चित्र लोक चालवून घेतात, न कळणारं बोलणं नाही. कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावायचा, पण साडी नेसलेल्या बाईला तो कुठे लावायचा हे कुठल्याच पुस्तकात नसतं. पदराला लावला तर तिने मान वळवली की कापड घासतं आणि खरखर येते. मध्यभागी लावला तर मंगळसूत्राचे मणी त्यावर टकटक आपटतात. बरोबर जागा म्हणजे ब्लाउजच्या गळ्याची कड, मंगळसूत्राच्या एका बाजूला; वायर आतून घ्यायची आणि माइकखाली वायरची एक सैल गाठ चिकटपट्टीने बसवायची, म्हणजे ओढ बसली तरी माइक हलत नाही. पदर त्यावर येऊ द्यायचा नाही. काचेच्या बांगड्या वाजतात. त्या काढायला सांगू नका, अनेकींना ते अशुभ वाटतं. हातरुमाल मनगटावर गुंडाळला की आवाज थांबतो, किंवा हात मांडीवर ठेवून बोलायचं. हे माइक लावण्याचं काम गटातल्या बाईनेच करायचं, पुरुष प्रशिक्षकाने कधीच नाही.

माइकची पिन बघून घ्या. तिच्यावर तीन काळे पट्टे असतील तर ती फोनची. दोन असतील तर कॅमेऱ्याची, फोनला लावली तरी फोन आपल्याच माइकने रेकॉर्ड करत राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. फोनला हेडफोनचं गोल भोक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागतो, तेही सगळे चालत नाहीत. तपासायची युक्ती सोपी आहे: रेकॉर्डिंग सुरू करून कॉलर माइकवर नखाने हलकं खाजवायचं, मग ऐकायचं. खर्र असा मोठा आवाज आला तर माइक चालू, पुसटसा आला तर बंद. दहा सेकंद रेकॉर्ड, माइक काढून हेडफोन लावून ऐकणं, आणि मगच खरी सुरुवात. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढायचा (आणि नंतर आठवणीने लावायचा), शेजारच्या टीव्हीवर गाणं चालू असेल तर थांबायचं. मागे वाजणारं सिनेमाचं गाणं बोलण्यातून नीट वेगळं करणं अवघड असतं, आणि यूट्यूबवर त्यावर कॉपीराइटचा दावा येतो. बोलणं झालं की त्याच खोलीत कुणी न बोलता ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. जोडकामात ती फार उपयोगी पडते.

पहिल्या दिवशी भाषण नको. फोन हातात द्या आणि एकच नियम: दाबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, थांबवायचं, मधे हात हलवायचा नाही. नवशिका माणूस झाडू मारल्यासारखा कॅमेरा इकडून तिकडे फिरवतो, त्याला आवर घालणारा हा एक नियम पुरतो. दुसऱ्या बैठकीला भाकरी. ज्वारीचं पीठ परातीत घेणाऱ्या हातांचा एक शॉट. थापताना गोल वाढत जाते तो परातीवरून सरळ खाली बघणारा. करणारीचा चेहरा, तिची नजर हातांकडे. तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवते तो. विस्तवावर फुगते तो. शेवटी लांबून, आख्खी खोली, चूल किंवा गॅस, भिंत, दार. सहा शॉट, प्रत्येकी दहा सेकंद, क्रमानेच घ्यायचे. एडिटिंग न करता एका मिनिटाची फिल्म तयार. ती लगेच भिंतीवर दाखवा. यात जवळून-लांबून काय फरक पडतो, हातांनंतर चेहरा का हवा, भाकरी उलटली त्याआधीच शॉट थांबवला तर काय हुकतं, हे सगळं समजावून न सांगता कळतं. भाकरीबद्दल प्रशिक्षकापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं, म्हणून दुरुस्त्याही त्याच करतात: "पाणी फिरवलेलं दिसलंच नाही, पुन्हा घे."

लिहिता-वाचता न येण्याची अडचण शूटिंगला येत नाही, फाइली सांभाळताना येते. त्यावर तोडगा: प्रत्येक शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर बोटांनी नंबर आणि तोंडाने गटाचं नाव, जागा, वार. कार्डांच्या डब्या दोन: लाल म्हणजे अजून उतरवलेलं नाही, हिरवी म्हणजे दोन ठिकाणी उतरवून, उघडून बघितलेलं. लाल डबीतलं कार्ड कुणीही पुसायचं नाही, प्रशिक्षकानेसुद्धा. १०८० पिक्सेलला मिनिटाला साधारण १३० एमबी जातात, म्हणजे तासाला जवळपास ८ जीबी. फाइल व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवली की ती चिरडली जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

गोष्ट शोधताना "तुमचं दुःख सांगा" हा प्रश्न विचारू नका. याची उत्तरं वस्तीतल्या बायकांना पाठ झालेली असतात, कारण येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो. त्याऐवजी घरातली एक वस्तू आणायला सांगा. ढकलगाडीची दोरी, चुंबळ, जुनं रेशनकार्ड, मालकिणीने दिलेला वेगळा कप. मग चारच प्रश्न: ही कधी आली, कुठून आली, तेव्हा घरात कोण होतं, हिच्याशिवाय काय अडलं असतं. वेगळ्या कपाने तीन मिनिटांत जे कळतं ते जातीवरच्या अर्ध्या तासाच्या भाषणाने कळत नाही. फिल्म तीन ते पाच मिनिटांचीच ठेवा, एका गटाची एक.

गोष्ट सांगताना कुणी कोसळली तर रेकॉर्डिंग बंद, कॅमेरा खोलीबाहेर. समुपदेशक आधीच ठरवून ठेवलेली हवी, तेव्हा शोधायची नाही. महिला हेल्पलाइन १८१ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६ हे नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लावा.

घरकामावरची फिल्म असेल तर मालकिणीच्या घरात शूटिंग करू नका, तिने "हो" म्हटलं तरी. फिल्म बाहेर आल्यावर तिचं मन बदलतं आणि काम जातं. दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरात ते पुन्हा उभं करा. खरकटी भांडी सगळीकडे सारखीच दिसतात. कचऱ्याच्या कामावर असेल तर सोसायटीचं नाव, पालिकेच्या आरोग्य कोठीवरचे मुकादम आणि गाड्यांचे नंबर फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

संमती एकदा कागदावर अंगठा घेऊन संपत नाही. ती पाच वेळा, वेगवेगळी घ्यायची: शूट करायला, फिल्ममध्ये ठेवायला, वस्तीत दाखवायला, बाहेरच्या सभागृहात दाखवायला, इंटरनेटवर टाकायला. पहिल्या चारांना हो आणि पाचव्याला नाही, हे पूर्णपणे योग्य उत्तर आहे, आणि ते बरेचदा येतं. चेहरा धूसर करून ओळख लपते असं समजू नका. वस्तीत माणूस आवाजावरून, चालीवरून, हातावरच्या गोंदणावरून, मागच्या भिंतीच्या रंगावरून ओळखू येतो. लपवायचंच असेल तर शूट करतानाच हात, पाठ, सावली घ्या आणि तिचे शब्द दुसरीच्या आवाजात वाचा. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. प्रौढ बाईने स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय वकील समोर बसवून घ्यावा. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ लागू होतं. मुलांचे शाळेचे गणवेशही फ्रेममध्ये नकोत, त्यावरून मूल ओळखू येतं.

आता त्या आठ बैठका. आधी शूटिंगला मर्यादा: एका गटाचं एकूण ६० मिनिटं, त्याहून जास्त नाही. तीन तास जमले तर नुसतं पाहण्यातच चार बैठका जातात आणि मग घाईघाईत कुणीतरी "मी करून देतो" म्हणतो. पहिल्या दोन बैठका फक्त बघणं. तिघी मिळून प्रत्येक शॉटला हात वर किंवा खाली.

मग संगणक बाजूला. निवडलेल्या प्रत्येक शॉटमधली एक फ्रेम फोटोवाल्याकडून छोट्या आकारात छापून आणा, ४० ते ५० फोटो होतात. बोलण्याच्या तुकड्यांसाठी लाल कागदाची कार्डं, त्यावर काहीतरी चित्र. हे सगळं सतरंजीवर पसरा आणि त्यांना मांडू द्या. इथे खरी भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत. "नवऱ्याचं आधी आलं तर लोक पुढचं ऐकणार नाहीत, गाडीचं आधी घे." हा संकलनाचा विचार आहे, आणि तो खाली बसून, हाताने फोटो सरकवताना होतो, पडद्यावरच्या टाइमलाइनसमोर तिघींतली फक्त माउस धरलेली बोलते. प्रशिक्षकाने या वेळी हात मागे बांधावेत. प्रश्न विचारता येतो, "हे बघून शेजारच्या वस्तीतल्या बाईला काय कळेल?" फोटो उचलता येत नाही. मांडणी पक्की झाली की तिचा फोटो काढा आणि मग फोनवर किंवा लॅपटॉपवर जोडा. फोनसाठी व्हीएन हे एडिटिंगचं ॲप पुरतं. काही ॲप फुकटच्या आवृत्तीत स्वतःचा शिक्का उमटवतात, ते आधी तपासा.

आवाज वेगळ्या फोनवर घेतला असेल तर एक भानगड होते. फोन सेकंदाला ठरलेल्या फ्रेम काटेकोर घेत नाही, थोड्या कमी-जास्त होतात, आणि लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. आधी लॅपटॉपवर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटला बदलून घ्यायची, आणि मुळात शॉट पाच मिनिटांपेक्षा लांब ठेवायचा नाही.

भाषेला हात लावू नका. "व्हतं", "म्या", "गेल्ते" हे जसं बोललं तसंच राहू द्या, सबटायटलमध्येही. प्रमाण मराठीत "सुधारून" लिहिलं की पडद्यावर आवाज एकीचा आणि अक्षरं दुसऱ्याच कुणाची. कुणी कैकाडी, वडारी किंवा गोरमाटीत बोलत असेल तर बोलू द्या, खाली मराठी ती स्वतः सांगेल तसं. देवनागरी अक्षरं काही ॲपमध्ये फुटतात, जोडाक्षरांचे पाय मोडून सुटे दिसतात; आधी "कष्टकऱ्यांच्या" हा एक शब्द टाकून बघा.

मालकीचा कागद शूटिंगच्या आधी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता, त्यामुळे काहीच लिहिलं नाही तर हक्क प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेकडे जातो, बायांकडे नाही. त्यांच्या नावाने हक्क लिहून द्यायचा तर मुदत आणि प्रदेशही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कच्चं फुटेज कुठे राहणार, कोण उघडू शकणार, आणि एखादीने दोन वर्षांनी "माझं काढा" म्हटलं तर किती दिवसांत काढणार, हेही त्याच कागदावर. कागद मोठ्याने वाचून दाखवायचा आणि वाचतानाचं रेकॉर्डिंग ठेवायचं. सभागृहात सार्वजनिक प्रदर्शन करणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्राची चौकशी आधी करा.

दाखवण्याचा क्रम: आधी फक्त १२ जणी, मग त्या ज्यांना बोलावतील ते घरचे, मग वस्ती, मग बाहेर. प्रत्येक पायरीनंतर एखादा शॉट काढायची मुभा, म्हणून अंतिम फाइल वस्तीतल्या खेळानंतरच करायची. वस्तीतला खेळ रात्री नऊच्या पुढे, स्वयंपाक आटोपल्यावर, समाजमंदिरात. पडदा पांढरी चादर चालेल, स्पीकर मात्र चांगला भाड्याने घ्या. खेळ संपल्यावर माइक त्यांच्याकडे, आणि एखाद्या प्रश्नाला "हे नाही सांगायचं" म्हणण्याचा सराव आदल्या बैठकीत करून घ्या. चारही फोन आणि माइक गटाकडेच राहू देत. हार्ड डिस्क मात्र दोन वेगळ्या जागी ठेवा, एक संस्थेच्या कपाटात आणि एक त्या बाराजणी ठरवतील तिच्याकडे, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा उंचीवर.